लहानग्याला घेऊन जवळच फिरून यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहेत. चालता येतं, पण कुठे चाललोय याचा पत्ता नसतो, असं हे वय. मोठ्या सहलीचा किंवा मुक्कामाचा विषय इथे नाही. दाराला कुलूप लावायचं, जवळच कुठेतरी जायचं आणि मुलाच्या दुपारच्या झोपेआधी घरी यायचं, एवढंच.

जवळ म्हणजे नेमकं किती जवळ?

शी झाली, मूल पेंगायला लागलं किंवा तुमचंच डोकं उठलं, तर पंधरा-वीस मिनिटांत घरी पोहोचता येईल इतकं जवळ. लांबच्या ठिकाणाचा तोटा अंतरात नसतो. तासभर खर्चून तिथे पोहोचलो की ‘आता आलोच आहोत तर’ असं म्हणत आपण मुलाला ताणतो. पाच मिनिटांवर गेलेल्या माणसाला अर्ध्यातून परत फिरायला काहीच वाटत नाही. सोपी आणि अवघड फेरी यांतला फरक मला तरी एवढाच दिसतो.

किती वेळ बाहेर राहावं?

घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत दीड तास. पहिल्या काही वेळा तर पाऊण तास पुरे. मूल अजून खुशीत असतानाच निघायला जमलं तर उत्तम. पण ते कुणालाच दर वेळी जमत नाही, मलाही नाही.

कोणत्या वेळी न्यावं?

झोप झालेली, पोट भरलेलं, म्हणजे बहुतेक घरांत सकाळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, त्यात दिवसाची झोपही धरलेली आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. त्या बदलाच्या दोन-चार आठवड्यांत वेळापत्रकाचा पार बोजवारा उडतो. काल साडेदहाला टुणटुणीत असलेलं मूल आज साडेदहाला रस्त्यातच मान टाकतं. तेवढे दिवस घराच्या पायऱ्या आणि समोरचा रस्ता एवढ्यावरच भागवा.

ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तर अर्थातच घरी. इतरांच्या मुलांसाठीही.

जायचं तरी कुठे? आमच्या जवळ काहीच नाही.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मुलांसाठी मुद्दाम बांधलेली जागा शोधत असतात. तशी जागा जवळ असली तर छानच. नसली तरी दोन वर्षांच्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. त्याला चढायला काहीतरी हवं, उचलून टाकायला काहीतरी हवं आणि हलणारं काहीतरी बघायला हवं. या तीनपैकी दोन गोष्टी जिथे मिळतील ती जागा झाली.

चार पायऱ्या आणि कठडा असलेली कुठलीही इमारत. वाळलेल्या पानांचा ढीग. गवताचा उतार, ज्यावरून वर जायचं आणि बुडावर घसरत यायचं. रेल्वेचं फाटक दिसेल अशी सुरक्षित जागा. चालू असलेलं बांधकाम, कुंपणाच्या बाहेरून. माती उपसणारं यंत्र अर्धा तास आरामात खाऊन टाकतं आणि एक पैसाही मागत नाही. बसने चार थांबे जायचं आणि समोरच्या बसने परत यायचं, हीसुद्धा पूर्ण सहल आहे. मात्र गर्दीची वेळ टाळा आणि खिडकीची जागा मिळेपर्यंत थांबा.

ग्रंथालयात मुलांचा कोपरा असेल तर पावसाळी दिवसांसाठी तो राखून ठेवा. जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं असली की फाटाफाटीची धास्ती उरत नाही. संग्रहालयात गेलात तर एकच दालन पाहा. माझी मुलगी एका मोठ्या दालनात जमिनीवरच्या काळ्या-पांढऱ्या फरश्यांवरून पाऊण तास उड्या मारत होती. भिंतीवर काय होतं ते मीही पाहिलं नाही.

आमचं मूल पुढे सरकतच नाही. दर दोन पावलांवर थांबतं. काय करावं?

काही करू नका. ते चालतच असतं, फक्त तुमच्या दिशेने नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधक कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळं खेळताना किती चालतात हे त्यांनी मोजलं. सरासरी निघाली तासाला २३६८ पावलं, म्हणजे जवळजवळ ७०० मीटर, आणि १७ वेळा पडणं. म्हणजे मूल आळशी नाही. मात्र हे चालणं इकडे चार पावलं, तिकडे सहा, मग गरकन वळून पुन्हा मागे, अशा तुकड्यांचं असतं. आपल्या डोक्यात मुक्कामाचं ठिकाण असतं, त्याच्या डोक्यात ते नसतं.

मुलगी सोळा महिन्यांची असताना आम्ही घरापासून जेमतेम दोनशे पावलांवरच्या बागेत जायला निघालो. वाटेत गटारावरची लोखंडी जाळी लागली. तिने उकिडवं बसून एक खडा जाळीतून आत सोडला. क्षणभर काही नाही, मग खालून ‘टुप’. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच केलं होतं. मग दुसरा खडा. मग कान जाळीला लावायचा प्रयत्न, तो मी हाणून पाडला. मग वाळलेलं पान टाकून पाहिलं, त्याचा आवाजच येईना. तिने वाकून वाकून आत पाहिलं, पानाला रागावली आणि पुन्हा खड्यांवर आली. मी तीन-चारदा म्हटलं, ‘चल ना, पुढे झोका आहे.’ अर्ध्या तासाने आम्ही तिथूनच घरी आलो. बाग राहिली. मला चुकल्यासारखं वाटलं. ती मात्र जेवताना घास तोंडात धरून ‘टुप’ म्हणत होती.

तेव्हापासून मी निघताना कुठे जायचं हे ठरवत नाही, कधी परतायचं तेवढं ठरवते. खरोखर कुठे वेळेवर पोहोचायचं असेल, दवाखाना वगैरे, तर सरळ कडेवर घेते किंवा बाबागाडीत बसवते. त्या वेळी चालण्याचा खेळ मांडायचाच नाही. एकाच रस्त्यावर ‘थांब, बघ’ आणि ‘चल, चल’ दोन्ही म्हटलं की भांडण ठरलेलं.

बाबागाडी न्यावी का?

परतीसाठी न्यावी. जाताना तिच्यात पिशवी बसते, येताना मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत या वयाच्या मुलांना बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये असं म्हटलं आहे, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी असंही. तीन तास ऐकून दचकू नका. घरात इकडून तिकडे पळणंही त्यात मोजलं जातं.

दोन सवयी मोडा. एक, दांड्याला जड पिशव्या लटकवणं. मूल उतरलं की गाडी मागे कलंडते, आणि मूल आत असताना कलंडली तर त्याच्यासकट. दुसरी, उन्हापासून वाचवायला गाडीवर दुपटं पांघरणं. सावली होते खरी, पण आतली हवा कोंडून तापते आणि मूल दिसेनासं होतं. छत्री लावा, सावलीतून चाला. सरकत्या जिन्यावर गाडी नको, लिफ्ट शोधा.

पिशवीत काय काय घ्यावं?

डायपर दोन, ओले रुमाल, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, थोडासा खाऊ, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. आणि तुमच्यासाठी एक जादाचा शर्ट, हे कुणी सांगत नाही. खेळणं नेऊ नका. नेलंत तर ते हरवेल आणि पुढचा सगळा वेळ शोधण्यात जाईल.

पिशवी परत आल्याबरोबर भरून दाराशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचा निम्मा कंटाळा तिथेच संपतो.

बागेतल्या खेळण्यांवर किती मोकळं सोडावं?

स्वतःहून चढता येईल तिथपर्यंत चढू द्या, हाताच्या अंतरावर उभं राहा, उचलून वर ठेवू नका. जे मूल स्वतः चढतं त्याला उतरण्याचाही थोडाफार अंदाज असतो. आपण वर नेऊन बसवलेल्याला तो नसतो.

घसरगुंडीवर मुलाला मांडीत घेऊन उतरणं मात्र बंद करा. दिसायला सुरक्षित, पण यात पाय मोडतात. मुलाचं पाऊल घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतं आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन पुढे रेटत येतं. एकटं घसरताना पाऊल अडकलं तर मूल थांबतं. दोघं असताना थांबत नाही आणि नडगीचं हाड पिरगळतं. मूल एकटं घसरायला भीत असेल तर भीती जाईपर्यंत घसरगुंडी नको.

उन्हात तापलेली घसरगुंडी आधी स्वतःच्या हाताने तपासा. धातूचीच नव्हे, प्लॅस्टिकचीही पोळते. टोपीच्या नाड्या, गळ्यातला दोरा, लांब उपरणं खेळण्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो, म्हणून हे सगळं घरी. झोक्यांच्या मागून-पुढून पळणारी मुलं ही बागेतली माझी खरी धास्ती. झोक्याची कक्षा त्या वयात कळत नाही, त्यामुळे तिथे हात धरलेलाच बरा.

रस्त्यात हात धरून झटकन ओढलं तर काही होतं का?

होऊ शकतं. साधारण चार वर्षांपर्यंत कोपराजवळ हाड धरून ठेवणारा स्नायुबंध सैल असतो. मनगटाला धरून हिसका दिला, किंवा दोघांनी दोन हात धरून ‘एक, दोन, तीन, हुप्प’ करत मुलाला हवेत झुलवलं, तर तिथलं हाड जागेवरून किंचित सरकतं. मूल रडतं आणि मग तो हात वापरतच नाही, पोटाशी धरून ठेवतं. सूज बहुतेकदा दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात नाटक करतंय. नाटक नसतं ते. लगेच डॉक्टरांकडे न्या. प्रशिक्षित हाताने काही क्षणांत हाड परत बसतं आणि मूल थोड्या वेळाने खेळायला लागतं. स्वतः बसवायच्या भानगडीत पडू नका, कारण हाड मोडलेलं नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

उचलायचं झालं तर काखेत हात घालून. रस्त्याकडे धावत सुटलेल्या मुलाला अर्थातच हाताला येईल तिथे धरा, त्या वेळी कोपराचा विचार करायचा नसतो.

तळं, कारंजं, ओढा अशा ठिकाणी न्यावं का?

न्यावं. पाण्याइतकं रमवणारं दुसरं काही नाही. पण तिथे तुमचं काम एकच, हात लांबवला की मुलाला लागेल इतकं जवळ राहणं. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. डोकं जड असतं, तोंडावर पडलं की उठता येत नाही. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, ते गप्प होतं. त्यामुळे ‘आवाज येईलच की’ हा भरवसा पाण्याजवळ चालत नाही. चार मोठी माणसं सोबत असली तर ‘आता लक्ष माझं’ असं एकाने मोठ्याने म्हणायचं. सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही.

ऊन आणि डासांचं काय?

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत ऊन सर्वांत तीव्र असतं. त्या वेळेत सावली शोधा. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा. सहा महिन्यांपुढच्या मुलांना सनस्क्रीन लावता येतं. एसपीएफ किमान ३० हवा, बाहेर पडण्याआधी १५ ते ३० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. मूल ते पुसतं, चाटतं, पाण्यात धुऊन टाकतं, त्यामुळे खरा भरवसा टोपीवर. टोपी काढून फेकण्याच्या खेळावर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

डास पळवणारं मलम मुलाच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ लावायचं नाही. आधी आपल्या हातावर घेऊन मग त्याला चोळायचं. लेमन युकॅलिप्टस तेलाची मलमं तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत, नैसर्गिक म्हटलं असलं तरी. वेष्टनावरची वयाची ओळ वाचा.

पाऊस असेल तर?

रिमझिम असेल तर रबरी बूट घालून डबक्यांत जा, पंधरा मिनिटांत मन भरतं. वीज चमकत असेल तर घरी. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास जाऊ द्यायचा.

इतर मुलं असूनही आमचं एकटंच खेळतं. चिंता करावी का?

या एकाच कारणासाठी नको. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्येच मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले होते. त्यातल्या एकात मुलं शेजारी शेजारी बसून, एकाच वाळूत, आपापला स्वतंत्र खेळ खेळतात. दोन वर्षांच्या आसपास हे अगदी नेहमीचं. त्यांच्यात मैत्री होत नाही म्हणून तुम्ही मध्ये बसून संवाद घडवायची गरज नाही.

हिसकाहिसकीवरून पालक उगाच ओशाळतात. ‘माझं’ हा शब्द नुकताच सापडलेल्या माणसाकडून वाटून घेण्याची अपेक्षा करणं अवघडच. दुसऱ्याचं खेळणं शांतपणे परत करा, मुलाला थोडं बाजूला न्या, माफीचं भाषण देऊ नका.

कुत्रं, मांजर दिसलं की धावतं. जाऊ द्यावं?

मालकाला विचारल्याशिवाय नाही. मालक ‘काही करत नाही हो’ म्हणाला तरी प्राणी खात, झोपलेला किंवा पिल्लांजवळ असेल तर नाही. हात लावला की साबणाने हात धुवा. चावलं किंवा ओरखडलं, कितीही किरकोळ असलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. रेबीजच्या बाबतीत ‘उद्या बघू’ चालत नाही.

बाहेर खायला देताना काय सांभाळावं?

बसवून द्या. पळता पळता, झोक्यावर, चालत्या गाडीत नाही. मागच्या मोठ्या दाढा दोन वर्षांच्या पुढेमागे येतात, तोवर टणक पदार्थ नीट चावले जात नाहीत. द्राक्षासारखं गोल, गुळगुळीत फळ उभं चिरून चार फोडी करून द्या. अख्खे दाणे, सुकामेवा चार-पाच वर्षांपर्यंत नकोच.

गाडीने जायचं असेल तर?

मांडीवर नाही, वयाला आणि वजनाला योग्य अशा आसनात, पट्टा लावून. आणि ‘दोन मिनिटांत आले’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून उतरायचं नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढू शकतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

गर्दीत हरवलं तर, ही भीती वाटते.

निघताना मोबाइलवर मुलाचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांसकट. घाबरलेल्या आईबापांना शर्टाचा रंगही आठवत नाही. हातावर पेनाने फोन नंबर लिहा. नाव कपड्यावर ठळक लिहू नका, नावाने हाक मारणारा परकाही मुलाला ओळखीचा वाटतो. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी आणि रस्ता या दोन दिशांना धावा, मग बाकी सगळीकडे. लाज न बाळगता मोठ्याने ओरडा, ‘लाल शर्ट, दोन वर्षांचा.’ आजूबाजूची माणसं लगेच मान वळवतात.

परत निघायचं म्हटलं की भोकाड पसरतं. रोजचंच आहे.

‘पाच मिनिटांनी निघू’ हे दोन वर्षांच्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही, पाच मिनिटं म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नसतं. मोजता येईल असं सांगा. अजून तीन वेळा घसरगुंडी. मग दोन. मग शेवटची. आणि शेवटची म्हणजे शेवटचीच. एकदा चौथी दिलीत की उद्यापासून आकड्यांवरचा विश्वास संपला.

मग निरोप. झोक्याला टाटा, झाडाला टाटा, त्या काळ्या मुंग्यांना टाटा. वेळखाऊ वाटेल, पण रडण्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यानंतर परतीसाठी एखादं काम हातात द्या. आमच्याकडे किल्ली धरायचं काम होतं. किल्ली हातात आली की घर गाठायची घाई तिलाच.

आणि तरीही भोकाड पसरलंच, तर कारण बहुधा तुम्ही उशीर केलेला असतो. डोळे चोळणं लगेच दिसतं, पण त्याआधीची एक खूण नजरेतून सुटते. एरवी तोल सावरणारं मूल एकाएकी सारखं पडायला लागतं. ते दिसलं की आवरायला घ्या. चुकलंच तर समजूत घालत उभं राहू नका. मुलाची पाठ आपल्या पोटाशी टेकवून दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि चालायला लागायचं. लाथा समोर जातात, तुम्हाला लागत नाहीत. लोक बघतात. बघू दे, त्यातल्या निम्म्यांनी हेच केलेलं असतं.

एकट्याने न्यायचा धीर होत नाही.

मग पहिले चार दिवस फक्त जिना उतरून खाली दहा मिनिटं थांबा आणि परत या. पाचव्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. धीर मुलापेक्षा आपल्यालाच हळूहळू येतो.

रोज एकाच ठिकाणी नेलं तर कंटाळणार नाही का?

तुम्ही कंटाळाल, ते नाही. तीच जाळी, तोच खडा, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर आवाज वेगळा.